प्रशिक्षण विमानांचे अपघात: कारणे कशी ओळखावीत आणि कशी टाळावीत

जुलै २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, एकटीने उड्डाण करणाऱ्या विद्यार्थिनीचे विमान शेतात कोसळले आणि ती किरकोळ जखमांवर बचावली. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे रात्री उडणारे प्रशिक्षण विमान मंदिराच्या शिखराला धडकून वैमानिकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेले विमान बालाघाटच्या डोंगराळ भागात पडून प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले, तर ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन विमाने कोसळली. अशा प्रत्येक बातमीनंतर विमान जुने होते का, हा प्रश्न सर्वात आधी विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. परंतु लहान विमानांच्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचत गेल्यास असे दिसते, की हवेत यंत्र मोडल्यामुळे झालेले अपघात थोडे आहेत, आणि कमी उंचीवर, कमी वेगात, घाईने घेतलेल्या निर्णयांमुळे झालेले फार अधिक आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने ही कारणे उड्डाणाच्या क्रमानेच कशी ओळखावीत आणि त्या-त्या टप्प्यावर नेमके काय करावे, ते पुढे दिले आहे. उदाहरणे प्रामुख्याने सेसना १५२ आणि १७२ या विमानांची घेतली आहेत. आपल्या विमानाचे आकडे मात्र त्याच्याच हस्तपुस्तिकेतून घ्यावेत.

उड्डाणापूर्वीची तपासणी

तपासणीचा यादीतला क्रम पाठ झाला की डोळे विमानावरून फिरतात, पण पाहत काहीच नाहीत. म्हणून यादी हातात धरावी, वस्तूला हात लावावा आणि मगच पुढच्या ओळीकडे जावे. तपासणी चालू असताना कोणी हाक मारली, फोन वाजला किंवा इंधनाची गाडी आली, तर जिथे थांबलात तिथून नव्हे, तर तीन-चार ओळी मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. नियंत्रणांचे कुलूप तसेच राहणे, वेग मोजण्यासाठी हवा घेणाऱ्या पिटॉट नळीवरचे आवरण न काढणे, विमान ओढण्याचा दांडा नाकाच्या चाकाला अडकलेला असणे, या चुका ऐकताना अशक्य वाटतात. तरीही त्या होतात, आणि बहुतेक वेळा असा व्यत्यय आल्यानंतरच होतात. आवरण नसलेल्या पिटॉट नळीत गांधीलमाशीने मातीचे घर केले असेल, तर टेक-ऑफच्या धावेत वेगमापक हलत नाही. धाव सुरू होताच वेगाचा काटा जिवंत झाला की नाही, हे मोठ्याने म्हणण्याची सवय याचसाठी लावली जाते. काटा हलत नसेल, तर धावपट्टी शिल्लक असतानाच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यावा.

इंधनाच्या बाबतीत दोन वेगळ्या चुका होतात आणि त्या वेगळ्या समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे टाकीतले इंधन संपणे, आणि दुसरी म्हणजे टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे, कारण निवडीची कळ चुकीच्या जागी आहे किंवा इंधनात पाणी आहे. लहान विमानाच्या इंधनकाट्यावर विसंबू नये. डिपस्टिक टाकीत घालून प्रत्यक्ष मोजावे, ताशी खर्चाने भागून मिनिटे काढावीत आणि ती मिनिटे कागदावर लिहावीत. पाणी तपासताना नमुन्याच्या नळीत तळाशी वेगळा थेंब दिसतो, हे सर्वांना शिकवले जाते. पण संपूर्ण नमुनाच पाण्याचा असेल तर थेंब दिसणार नाही आणि नळी स्वच्छ वाटेल, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. १०० एलएल अ‍ॅव्हगॅस, म्हणजे या विमानांचे पेट्रोल, निळसर असते. नमुना पांढऱ्या कागदासमोर धरावा आणि निळा रंग दिसला नाही तर उड्डाण थांबवावे. पावसाळ्यात विमान रात्रभर उघड्यावर उभे असेल, तर टाकीच्या झाकणातून पाणी झिरपण्याची शक्यता गृहीत धरून प्रत्येक निचरा-बिंदूतून नमुना घ्यावा आणि स्वच्छ इंधन येईपर्यंत घेत राहावा.

वजनाचा हिशेब तर बहुतेकांना औपचारिकता वाटते. सेसना १५२ चे कमाल वजन ७५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचे सव्वापाचशे किलो धरले, पूर्ण टाक्यांमधील वापरता येणारे इंधन ६७ किलो धरले आणि ऐंशी-ऐंशी किलोंची दोन माणसे बसली, की बेरीज ७५२ होते. म्हणजे पाठीमागे टाकलेल्या दोन पिशव्या विमानाला मर्यादेबाहेर नेऊ शकतात. अशा वेळी कमी इंधन घेऊन जवळचे उड्डाण करावे. पूर्ण टाकी आणि जड जोडी हे एकत्र आणू नये.

उन्हाळ्यातील टेक-ऑफ

विदर्भात आणि खानदेशात शिकणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १००० फूट आहे. त्या उंचीवर प्रमाणित तापमान १३ अंश असायला हवे. मे महिन्यातील दुपारी ते ४५ अंश असते, म्हणजे ३२ अंशांनी जास्त. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट या ढोबळ नियमाने विमानाला आणि इंजिनाला जाणवणारी उंची जवळजवळ ४८०० फूट होते. हवा विरळ असल्याने इंजिन कमी शक्ती देते, प्रॉपेलर कमी ओढतो आणि पंखांना तोच उचल मिळवण्यासाठी जमिनीवर अधिक धावावे लागते. वेगमापकावर मात्र नेहमीचाच आकडा दिसतो, त्यामुळे नवशिक्याला वाटते की विमान आज आळसावले आहे, आणि तो ते वेळेआधी ओढून उचलतो. जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर विमान चार-सहा फूट उचललेही जाते, पण पुढे चढत नाही. आणि समोर झाडे किंवा तारा असतात.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी उडावे, हस्तपुस्तिकेतील तक्त्यातून त्या दिवशीच्या तापमानाचे अंतर काढावे आणि धावपट्टीवर एक खूण ठरवावी, की तिथपर्यंत ठरलेला वेग आला नाही तर टेक-ऑफ सोडून द्यायचा. वाऱ्याची दिशाही हलक्यात घेऊ नये. सेसना १७२ च्या हस्तपुस्तिकेनुसार समोरून येणारा ९ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा अंतर १० टक्क्यांनी कमी करतो, पण पाठीमागून येणारा अवघा २ नॉटचा वारा ते १० टक्क्यांनी वाढवतो. टॅक्सीचे अंतर वाचवण्यासाठी ६ नॉटच्या पाठवाऱ्यात उडालात, तर टेक-ऑफचे अंतर ३० टक्क्यांनी लांबते.

टेक-ऑफनंतर इंजिन थांबले तर

धावपट्टीकडे परत वळावेसे वाटणे ही स्वाभाविक ओढ आहे, आणि तिने पुष्कळ अनुभवी वैमानिकांचेही प्राण घेतले आहेत. तिचा हिशेब जमिनीवर बसून एकदा करून पाहावा. परत फिरून धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी १८० अंशांचे वळण पुरत नाही, कारण तेवढ्या वळणाने विमान धावपट्टीला समांतर पण बाजूला येते. एकूण सुमारे २२५ अंश वळावे लागते आणि नंतर पुन्हा सरळ व्हावे लागते. सेकंदाला ३ अंश या गतीने त्याला ७५ सेकंद लागतात. मिनिटाला ७०० फूट या दराने विमान खाली येत असेल तर केवळ या वळणातच सुमारे ८७५ फूट जातात, आणि इंजिन खरोखर थांबले आहे हे मनाला पटण्यात गेलेले पहिले काही सेकंद वेगळेच. अधिक कलून लवकर वळता येईल, असे कोणी म्हणेल. पण कल वाढला की स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल अचानक कोसळण्याचा, वेगही वाढतो, आणि त्याच क्षणी विमान सर्वात मंद असते.

त्यामुळे प्रत्येक टेक-ऑफपूर्वी, धावपट्टीवर उभे असताना, मोठ्याने म्हणावे: ‘इंजिन थांबल्यास नाक खाली, सरळ समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत मोकळी जागा.’ सर्वात आधी नाक खाली घ्यायचे आहे, कारण चढताना नाक वर असते आणि शक्ती गेली की वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो. हस्तपुस्तिकेतील घसरण-वेग (इंजिनाशिवाय तरंगत खाली येण्याचा वेग), म्हणजे सेसना १५२ साठी ६० नॉट, धरून ठेवावा आणि ऊस किंवा ज्वारीच्या शेतातही विमान नियंत्रणात, शक्य तितक्या कमी वेगात, पंख समतल ठेवून टेकवावे. विमान मोडेल, आतला माणूस मात्र बहुतेक वेळा वाचतो. हवेत स्टॉल होऊन नाकावर पडलेल्या विमानातून तशी आशा नसते.

कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनांविषयी येथेच सांगायला हवे. बर्फ म्हटले की आपल्याला हिमालय आठवतो. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद भागात इंधनाच्या बाष्पीभवनाने आणि हवेच्या दाबातील घटीने तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकते, म्हणून बाहेर २५ अंश असलेल्या दमट पावसाळी हवेतही, विशेषतः थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना, बर्फ धरतो. पहिले लक्षण म्हणजे कारण नसताना उतरणारे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. अशा वेळी कार्ब्युरेटर हीट (त्यात गरम हवा सोडणारी कळ) पूर्ण ओढावी, अर्धवट नव्हे. बर्फ वितळून पाणी आत जाताना इंजिन आधी अधिकच खडखडते; त्या आवाजाला घाबरून विद्यार्थी हीट पुन्हा बंद करतो, आणि घात तिथेच होतो. हीट तशीच ठेवावी. थोड्या वेळाने आरपीएम परत चढते.

बेसवरून फायनलवर वळताना

या सगळ्या मार्गदर्शनातून एकच भाग वाचायला वेळ असेल, तर हा वाचावा. सर्किटमधील, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीतील, प्राणघातक स्टॉल बहुधा या वळणावर होतो, आणि तो घडण्याचा क्रम इतका ठरलेला असतो की तो कागदावर लिहून दाखवता येतो.

बेसवर, म्हणजे धावपट्टीला काटकोनात येणाऱ्या बाजूवर, पाठीमागून वारा असतो, त्यामुळे विमान जमिनीवरून नेहमीपेक्षा वेगाने सरकते आणि फायनलचे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्याचे, वळण उशिरा सुरू होते. धावपट्टीची मध्यरेषा ओलांडली जात आहे, हे विद्यार्थ्याला दिसते. उंची ४०० ते ५०० फूट असते. इतक्या खाली अधिक कलणे धोक्याचे, हे त्याला शिकवलेले आहे, म्हणून तो कल न वाढवता आतल्या बाजूचा रडर (शेपटीचे उभे सुकाणू) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. रडरमुळे बाहेरचा पंख अधिक वेगाने फिरतो आणि कल आपोआप वाढू लागतो, म्हणून तो विरुद्ध एलेरॉन (पंखांवरची कल बदलणारी झडप) देतो. नाक खाली जाते, म्हणून तो योक (हातातले नियंत्रण-चक्र) मागे ओढतो. आता रडर एका बाजूला, एलेरॉन दुसऱ्या बाजूला आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) वर, अशा अवस्थेत आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान वळणाच्या आतल्या बाजूला उलटते. सेसना १५२ ला एका फेरीच्या स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली पडण्यातून) सावरण्यास सुमारे १००० फूट लागतात. म्हणजे येथे सावरण्याचे कौशल्य कितीही असले तरी त्याला उंचीच उरलेली नसते.

यातील प्रत्येक कृती त्या क्षणी योग्य वाटलेली असते, आणि म्हणूनच ‘सावध राहा’ एवढे सांगून विद्यार्थी सुधारत नाही. त्याच्यापाशी आधीच ठरलेला नियम असावा लागतो. तो असा. सर्किटमध्ये ३० अंशांपेक्षा अधिक कलायचे नाही. ३० अंशांत मध्यरेषा सापडत नसेल, तर पंख समतल करून गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायचे. वळताना तोलदर्शकातील गोळी मध्यावर ठेवायची, आणि नाक ओढून धावपट्टीकडे न्यायचा मोह झाला, तर तो मोह हीच गो-अराउंडची खूण मानायची. डाउनविंडवर (बेसच्या आधीच्या, धावपट्टीला समांतर बाजूवर) असतानाच विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहून, बेसवर पाठवारा मिळणार असेल तर वळण लवकर सुरू करायचे.

कलण्याची किंमत आकड्यांतही पाहावी. समतल उड्डाणात ४८ नॉटला स्टॉल होणारे विमान उंची राखून ३० अंशांच्या वळणात साधारण ५२ नॉटला, ४५ अंशांच्या वळणात ५७ नॉटला आणि ६० अंशांच्या वळणात ६८ नॉटला स्टॉल होते. फायनलचा वेग साठच्या आसपास असेल, तर यातील कोणता कल परवडतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. स्टॉल हा मुळात वेगाचा नव्हे तर हवेशी पंखाने केलेल्या कोनाचा प्रश्न आहे, आणि तो कोन योक ओढल्याने वाढतो. म्हणून स्टॉलचा इशारा वाजताच पहिली कृती योक पुढे सोडण्याची, नंतर पूर्ण शक्तीची, आणि पंख समतल करण्याची. प्रशिक्षकासह, सुरक्षित उंचीवर जाऊन, फायनलच्या वळणाची ही चूक मुद्दाम करवून घ्यावी. तिथे ती एकदा पाहिली, की वाचलेले शब्द अंगात उतरतात.

लँडिंग

प्राणहानी कमी पण मोडतोड सर्वाधिक, असा हा टप्पा आहे. मूळ कारण बहुधा जादा वेग असते. वेग १० टक्के जास्त असला तर ऊर्जा २१ टक्के जास्त असते. विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि अधीर विद्यार्थी ते पुढे दाबून टेकवू पाहतो. नाकाचे चाक आधी लागते, विमान उसळते, तो पुन्हा दाबतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला नाकाचे चाक मोडून प्रॉपेलर जमिनीला घासतो. उसळी लहान असेल तर नाकाची स्थिती तशीच धरून थोडी शक्ती देत पुन्हा टेकवता येते. मोठी असेल तर पूर्ण शक्ती देऊन गो-अराउंड हाच उपाय आहे.

गो-अराउंडही शिकावाच लागतो, कारण लँडिंगच्या कमी वेगासाठी ट्रिम केलेले (नियंत्रणांचा तोल बसवलेले) विमान पूर्ण शक्ती देताच नाक जोराने वर नेते. योक पुढे दाबून धरावा, उजवा रडर द्यावा, कार्ब्युरेटर हीट बंद करावी, १७२ मध्ये फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली सोडायच्या पट्ट्या) लगेच २० अंशांवर आणावेत आणि उरलेले वेग आल्यावर टप्प्याटप्प्याने घ्यावेत. एकदम सगळे फ्लॅप मिटल्यास विमान खाली बसते. रेडिओवर सांगणे सर्वात शेवटी.

आडव्या वाऱ्याचा हिशेब तोंडी करता येतो: वारा धावपट्टीशी ३० अंशांचा असेल तर त्याच्या वेगाचा अर्धा भाग आडवा लागतो, ४५ अंशांना सात-दशांश आणि ६० अंशांना नऊ-दशांश. हस्तपुस्तिकेत १५२ साठी १२ आणि १७२ साठी १५ नॉट हे प्रत्यक्ष दाखवलेले आकडे आहेत, पण ते सराईत वैमानिकाचे आहेत. सोलो, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या, विद्यार्थ्याने त्याच्या प्रशिक्षकाने लिहून दिलेली मर्यादा पाळावी.

हवामान

इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये झालेल्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० विद्यार्थ्यांना ढगासारखी स्थिती दिली असता, सर्वांचे विमानावरील नियंत्रण सुटले, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटांहून कमी. आतल्या कानाला वळण आणि सरळ रेषा यांतला फरक कळत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. आपल्याकडे दृश्य-नियमांनुसार उडताना १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून आडवे १५०० मीटर व उभे १००० फूट अंतर लागते. क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे दूरच्या ठिकाणच्या उड्डाणावर, निघण्यापूर्वी नकाशावर परत फिरण्याचा बिंदू पेन्सिलीने आखावा आणि दृश्यमानता तिथे कमी होत असेल, तर पुढच्या गावापर्यंत पाहू असे न म्हणता वळावे. हिवाळ्यातील सकाळी पूर्व विदर्भात धुके सूर्योदयानंतरही दाट होत जाते, हे ध्यानात ठेवावे. वळवाच्या दिवसांत मेघगर्जनेचा ढग पंधरा-वीस किलोमीटर दूर असतानाच त्याच्या पायथ्याचा वारा धुळीची भिंत घेऊन पुढे येतो. ती धूळ दिसली की सर्किटमधील विमानाने पहिल्याच संधीला उतरावे किंवा दूर जावे, तिच्यातून उतरण्याचा प्रयत्न करू नये.

कमी उंचीवरून ओळखीच्या गावावर, नदीवर किंवा धरणावर फेरी मारणे हे हवामानाइतकेच घातक आहे. नदी ओलांडणाऱ्या विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत. दिसतात ते त्यांचे मनोरे. दोन्ही काठांवर मनोरा शोधावा, आणि सरावक्षेत्राची ठरलेली किमान उंची सोडू नये.

कॉकपिटमधील दोन माणसे

विमान कोण उडवत आहे, याविषयी संभ्रम राहिला की दोघेही उडवतात किंवा कोणीच उडवत नाही. ताबा देताना आणि घेताना तीन वाक्ये पूर्ण बोलावीत: ‘यू हॅव कंट्रोल’, ‘आय हॅव कंट्रोल’ आणि पुन्हा पहिल्याने ‘यू हॅव कंट्रोल’. इंजिन बंद पडल्याचा सराव मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारी कळ) किंवा इंधनाची कळ बंद करून नव्हे, तर थ्रॉटल मागे घेऊन करावा, आणि मध्येमध्ये थ्रॉटल पुढे नेऊन इंजिन प्रतिसाद देते हे पाहावे.

सरांना कसे सांगायचे, हा आपल्याकडचा संकोच मी अपघाताचे खरे कारण मानतो. वेग कमी होत आहे हे विद्यार्थ्याला दिसते, पण सरांनाही दिसत असेलच, असे समजून तो गप्प राहतो; आणि सर त्याच क्षणी दुसऱ्या विमानाकडे पाहत असतात. उड्डाणापूर्वीच्या बोलण्यात प्रशिक्षकाने स्वतःहून सांगावे, की वेग, उंची किंवा दुसरे विमान दिसल्यास तू बोलायचेच आहेस. विद्यार्थ्याने मत नव्हे, आकडा सांगावा: ‘सर, वेग ५५.’ आकड्यात उद्धटपणा नसतो.

घरच्यांचीही यात भूमिका आहे. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, तास लांबत जातात, आणि घरून रोज विचारले जाते की आज किती झाले. तो प्रश्न पालकांनी आठवड्यातून एकदाच विचारावा. ताप, सर्दीची झोप आणणारी गोळी, अपुरी झोप, रिकामे पोट किंवा मनावरचा ताण यांपैकी काहीही असेल, तर विद्यार्थ्याने ते उड्डाण सोडावे; मद्याच्या बाबतीत तर नियमानेच १२ तासांची मर्यादा घातलेली आहे, आणि ती किमान समजावी.

विमान परत लावल्यावर

आदळून उतरलेले विमान बाहेरून धडधाकट दिसू शकते. नाकाच्या चाकामागील इंजिनाच्या बैठकीच्या पत्र्याला पडलेली सुरकुती, प्रॉपेलरच्या टोकाला आलेला ओरखडा किंवा टायरवरील सपाट झालेला भाग, एवढेच काय ते दिसते. सोलोवरून आलेल्या विद्यार्थ्याला ओरडा बसेल, पुढचा सोलो रद्द होईल, अशी भीती वाटते आणि तो काही न बोलता किल्ली ठेवून जातो. जोराचे लँडिंग, प्रॉपेलरचा स्पर्श, उड्डाणात क्षणभर अडखळलेले इंजिन किंवा तपासणीत उतरलेले मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे) आरपीएम, यांतील काहीही घडले असेल, तर विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत वेळेसह लिहावे, अभियंत्याला प्रत्यक्ष जाऊन सांगावे आणि तो पाहीपर्यंत विमान दुसऱ्या कोणालाही देऊ देऊ नये. प्रशिक्षकांनी अशी नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला इतरांसमोर शाबासकी द्यावी, कारण अर्ध्या तासाने त्याच खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला त्या सुरकुतीविषयी दुसरे कोणीही सांगू शकणार नसते.